दोन लाख ऐंशी हजारांचा मेसेज

14 फेब्रुवारी 2025, शुक्रवार. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पुण्याच्या पूर्व भागातल्या एका बांधकामावर प्लास्टरचं काम करणारे एक काका दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली पडले. मांडीचं हाड मोडलं, डावं मनगट गेलं, डोक्याला सुदैवाने खरचटण्यापलीकडे काही नाही. काकांचं वय 47, गाव जालना जिल्ह्यात मंठा तालुक्यात, इथे पत्र्याच्या खोलीत नवराबायको दोघं राहतात आणि दोन मुली गावी आजीकडे शिकायला. नावं देत नाही, काका आणि मावशी एवढंच म्हणू.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे पुढच्या दहा दिवसांत आमच्या ग्रुपने जे जे केलं त्यातलं निम्मं चुकीच्या क्रमाने केलं. माणूस वाचला, चालायला लागला, पैसेही जमले, त्यामुळे वरून बघणाऱ्याला वाटेल की काम छानच झालं. पण आमच्यासारखे ग्रुप आता गल्लोगल्ली आहेत आणि जवळपास सगळे हीच चूक करतात, म्हणून आकड्यांसकट मांडतोय.

आधी आमच्याबद्दल थोडं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मजुरांच्या वस्तीत डबे पोचवायला आम्ही चारपाच जण एकत्र आलो, मग सोसायटीतले, गणपती मंडळातली पोरं असे वाढत गेलो, आता 19 जण आहोत. जूनमध्ये वह्या, दिवाळीत फराळ, वर्षातून दोनदा रक्तदान शिबिर, अधूनमधून कुणाला दवाखान्यात मदत. तेव्हा नोंदणी वगैरे काही नव्हती, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपचं नाव आणि खजिनदार दादाचा यूपीआय नंबर, एवढाच कारभार. काका-मावशींना आम्ही वह्यावाटपामुळेच ओळखत होतो, कारण मुली सुट्टीत इथे आल्या की मावशी न चुकता त्यांच्या वह्या घ्यायला यायच्या.

त्या रात्री मावशींचा फोन आला तेव्हा साडेनऊ झाले होते. ठेकेदाराने काकांना साइटवरच्या टेम्पोत घालून जवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये आणलं, वीस हजार भरले, "येतो सकाळी" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. आम्ही तिघं पोचलो तर काका कॅज्युअल्टीत, पायाला फळी बांधलेली, आणि मावशी बिलिंग काउंटरच्या समोरच्या खुर्चीवर हातातली पिशवी घट्ट धरून बसलेल्या. काउंटरवरच्या माणसाने अंदाजपत्रकाचा कागद पुढे केला. ऑपरेशन, रॉड, मनगटाच्या तारा, चार-पाच दिवसांचा वॉर्ड असं मिळून 2,80,000. आत्ता डिपॉझिट 50,000, वीस आलेत, तीस भरा म्हणजे वॉर्डात घेतो, नाहीतर ससूनला हलवा. आम्ही विचारलं की हे ट्रस्टचं हॉस्पिटल आहे ना, चॅरिटीचा बेड असेल ना, तर "शिल्लक नाही, सोमवारी विचारा" असं उत्तर मिळालं.

आणि आम्ही ते ऐकून घेतलं. गरिबांसाठी काहीतरी योजना असते एवढंच अर्धवट माहीत होतं, त्यामुळे पुढचा प्रश्नच विचारता आला नाही. खजिनदार दादाने खिशातले तीस हजार भरले आणि हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून आम्ही तो मेसेज तयार केला. काकांचा पायाला फळी लावलेला फोटो, खाली "दोन मुलींचा बाप, हातावरचं पोट, तातडीने 2,80,000 ची गरज, फुल ना फुलाची पाकळी" आणि यूपीआय नंबर. रात्री पावणेअकराला टाकला. लोक खरंच चांगले असतात हो, सकाळपर्यंत 61,000 जमले होते आणि रविवार रात्रीपर्यंत 214 लोकांकडून 1,62,400. त्यात 51 रुपये टाकणारा आमच्या चौकातला इस्त्रीवाला पण होता.

आता त्या फोटोबद्दल सांगतो, कारण ह्या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट तीच आहे. बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली होती. थोरली मुलगी बारावीला. मावशींनी शुक्रवारी रात्रीच ठरवलं होतं की पोरीचे पेपर संपेपर्यंत तिला काहीही कळू द्यायचं नाही, गावी फक्त दिराला सांगितलं होतं. आम्ही त्यांना विचारलंच नाही. फोटो काढताना काका अर्धवट गुंगीत होते, त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता, आणि मावशी काउंटरवर होत्या. मेसेज फिरत फिरत शनिवारी दुपारी मंठ्यात पोचला आणि मुलीने वर्गमैत्रिणीच्या मोबाइलवर स्वतःच्या बापाचा फोटो पाहिला. रडत फोन केला तेव्हा मावशी माझ्याशेजारी उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "दादा, तुम्ही भल्यासाठीच केलं, पण मला इचारायचं तरी." पोरीने पेपर दिले सगळे, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मदत घेणाऱ्याला पण लाज असते, घरचं काय कुणाला कधी सांगायचं हे ठरवायचा हक्क असतो, आणि आम्ही तो पहिल्या दीड तासात काढून घेतला होता.

रविवारी सकाळी अण्णा आले. अण्णा म्हणजे आमच्यातले सगळ्यात मोठे, तहसील कार्यालयातून रिटायर झालेले, चार दिवस लग्नाला गावी गेले होते म्हणून मेसेज उशिरा वाचला. आल्या आल्या त्यांनी किती पैसे जमले ते विचारलंच नाही, विचारलं "अर्ज दिला का?" कसला अर्ज, आम्ही. मग चहाच्या टपरीवर त्यांनी जे समजावलं ते मी इथे जमेल तेवढं नीट लिहितो, कारण हे प्रत्येक ग्रुपमधल्या निदान दोघांना तरी पाठ पाहिजे.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाने चालवलेली जी हॉस्पिटलं आहेत त्यांना 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 एए लागू होतं. त्याखाली मुंबई हायकोर्टाने 2006 मध्ये एक योजना घालून दिली आणि ती आजही चालू आहे. अशा हॉस्पिटलने एकूण बेडपैकी 10 टक्के निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत ठेवायचे आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी सवलतीत. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 1,80,000 पर्यंत, दुर्बल घटक म्हणजे 3,60,000 पर्यंत. (बरीच वर्षं ही मर्यादा 85,000 आणि 1,60,000 होती, अजून कित्येकांच्या डोक्यात तेच जुने आकडे आहेत, त्यामुळे "तुम्ही बसत नाही" असं ऐकलं तर आकडा आधी तपासा.) हॉस्पिटल हे पदरचं घालून करतं असंही नाही. बाकीच्या, पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या बिलाच्या 2 टक्के रक्कम एका वेगळ्या खात्यात जमा करायची असते, त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात, हॉस्पिटलात सगळे आयपीएफ म्हणतात. निर्धन रुग्णाचं बिल सगळ्यात खालच्या वर्गाच्या दराने करायचं, औषधं आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीला धरायचं आणि ते ह्या निधीतून वळतं करायचं. आणि इमर्जन्सी असेल तर डिपॉझिट मागायचंच नाही, आधी दाखल करून उपचार, कागद नंतर.

म्हणजे आमच्या इस्त्रीवाल्याने ज्या कामासाठी 51 रुपये दिले त्या कामासाठी पैसे आधीच बाजूला काढलेले होते. हे कळल्यावर टपरीवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

एप्रिल 2025 मध्ये एका हॉस्पिटलने आधी डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. आमचं प्रकरण त्याच्या दोन महिने आधीचं, तेव्हा हा नियम आमच्यासारख्यांच्या कानावरही नीट आलेला नव्हता.

अण्णांनी आणखी एक विचारलं, महात्मा फुले जन आरोग्य योजना बघितली का. ती मात्र आम्ही शनिवारी बघितली होती, आता ती राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना लागू आहे आणि 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण हे हॉस्पिटल त्या योजनेच्या यादीत नव्हतं, त्यामुळे त्या योजनेचे कागद बघणारा आरोग्यमित्रही नाही. हलवायचं का असाही विचार झाला. डॉक्टर म्हणाले की ट्रॅक्शन लावलेलं आहे, हलवता येईल पण पेशंटला त्रास होईल. मावशींना विचारलं (ह्या वेळी विचारलं), त्या म्हणाल्या इथंच होऊ द्या.

मग कागद. मावशींच्या त्या पिशवीत एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात रेशनकार्ड आणि दोघांचे आधार होते, घड्या पडून पडून आधारच्या मधोमध चीर गेलेली. रेशनकार्ड केशरी. अण्णांनी ते उजेडात धरून मागचं पान वाचलं, चौघांचीही नावं आहेत ना बघितलं, नशीब की धाकटीचं नाव सुद्धा चढवलेलं होतं. केशरी कार्ड म्हणजे कार्डाच्या नियमाप्रमाणे उत्पन्न एक लाखाच्या आत, पण हॉस्पिटल तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागणार हे अण्णांना पक्कं माहीत होतं, आणि दाखला मंठ्याहूनच निघणार. रविवार. शासकीय कार्यालयं पाच दिवसांचा आठवडा पाळतात. त्यात बुधवारी 19 तारखेला शिवजयंतीची सुट्टी. म्हणजे हातात सोमवार-मंगळवार आणि मग थेट गुरुवार.

गावी काकांच्या पुतण्याला फोन लावला. पोरगं हुशार निघालं. अण्णांनी त्याला फोनवर पायऱ्या सांगितल्या, सोमवारी सकाळी आधी तलाठ्याकडे जाऊन उत्पन्नाचा अहवाल घे, मग महा ई-सेवा केंद्रात जाऊन आपले सरकार पोर्टलवर अर्ज भर, स्वयंघोषणापत्र जोड, पावती मिळाली की लगेच पावतीचा फोटो पाठव. पावती महत्त्वाची, कारण दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत असते पण अर्ज केलाय ह्याचा पुरावा त्याच दिवशी हातात येतो.

इकडे आम्ही अर्ज लिहिला. एक पान. रुग्णाचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ, निर्धन रुग्ण योजनेखाली उपचार मिळावेत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करत आहोत आणि मिळताच सादर करू, तोपर्यंत डिपॉझिटसाठी उपचार थांबवू नयेत. खाली मावशींचा अंगठा. त्या सही करतात खरं तर, पण त्या दिवशी हात थरथरत होता. दोन प्रती काढल्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का घ्यायचा. अण्णा म्हणाले तोंडी मागितलं तर तोंडीच उत्तर मिळतं, आणि शुक्रवारी काउंटरवर नेमकं तेच झालं होतं.

सोमवारी दहा वाजता आम्ही दोन टोळ्या केल्या. दोघं सह धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्जाची प्रत घेऊन गेले आणि मी, अण्णा, मावशी हॉस्पिटलमध्ये. आणि तिथे भेटल्या समाजसेविका. प्रत्येक धर्मादाय हॉस्पिटलमध्ये ह्या योजनेचं काम बघणारा वैद्यकीय समाजसेवक असतो, ह्या मॅडम शनिवार-रविवार सुट्टीवर होत्या. त्यांनी अर्ज वाचला, रेशनकार्ड बघितलं, कॉम्प्युटरवर बेडची यादी उघडली आणि सरळ सांगितलं की बेड आहे, शुक्रवारी पण होता. काउंटरवाल्याला यादी बघता येत नाही का, बघायची नाही का, ते त्या बोलल्या नाहीत आणि आम्हीही ताणलं नाही. त्या मला म्हणाल्या, तुम्ही लोक वर्गणी काढून बिल भरून टाकता, मग माझ्याकडे येता की आता काहीतरी कमी करून द्या, पण भरलेलं बिल मी कसं वळतं करू? पहिल्याच दिवशी अर्ज द्या, माझ्या टेबलावर ठेवून जा, मी नसले तर ड्यूटीवरच्या मेट्रनकडे द्या. मला तोपर्यंत वाटायचं की हॉस्पिटल म्हणजे एक भिंत आहे आणि आपण बाहेरून धक्के मारायचे. त्या भिंतीच्या आत आपल्या बाजूचा एक माणूस बसलेला असतो, त्याच्या हातात वेळेवर कागद पडला पाहिजे, एवढंच.

मावशींकडून हमीपत्र घेतलं, पुतण्याने पाठवलेली पावती सोबत जोडली. मंगळवारी 18 तारखेला दुपारी ऑपरेशन झालं, मांडीत रॉड, मनगटात तारा. बुधवारी शिवजयंती, आमची मंडळातली पोरं पहाटेपासून ज्योत आणायच्या गडबडीत, तरी दोघंजण आळीपाळीने वॉर्डात बसून होते. दाखला शुक्रवारी 21 ला आला, वार्षिक उत्पन्न 1,20,000. काकांना सोमवारी 24 ला सुट्टी मिळाली. खालच्या वर्गाच्या दराने बिल झालं 1,71,000, सगळं निर्धन रुग्ण निधीतून वळतं. डिपॉझिटचे पन्नास हजार तीन आठवड्यांनी परत मिळाले, त्यातले तीस आमचे, वीस ठेकेदाराने भरलेले. पावती काकांच्या नावाची होती म्हणून ते वीस मावशींकडेच राहिले आणि ते बरोबरच झालं.

आता इथे खरी अडचण सुरू झाली. खजिनदार दादाच्या खात्यात 1,62,400 पडून. त्यातले 6,850 पहिल्या तीन दिवसांत बाहेरून आणलेली औषधं, रिक्षा, डबे ह्यात गेले होते, राहिले 1,55,550. लोकांनी पैसे दिले होते हॉस्पिटलच्या बिलासाठी, आणि बिल तर शून्य.

मीटिंग दोन तास चालली, आवाज चढले. एकाचं म्हणणं, काकांच्या नावाने आलेत तर काकांना देऊन टाका, आपण कोण मध्ये. दुसऱ्याचं, सगळ्यांना परत करा, नाहीतर उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही. तिसरा म्हणाला पुढच्या पेशंटसाठी ठेवू. खजिनदार दादा सगळ्यात अस्वस्थ, कारण पैसे त्याच्या पर्सनल खात्यात, उद्या कुणी विचारलं तर उत्तर त्याला द्यायचंय. अण्णांनी तिथेच सांगितलं की लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर कलम 41 सी खाली परवानगी काढावी लागते, गणपतीत मंडळं काढतात तीच. मंडळात वाढलेली आम्ही पोरं, दरवर्षी ती परवानगी काढतो, आणि इथे मात्र ते आमच्या कुणाच्या डोक्यात पण आलं नाही.

शेवटी मावशींनाच बोलावलं. त्यांना आम्ही विचारलं, आता तुम्हाला कशाची गरज आहे? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. खोलीचं भाडं. किराणा. काकांना तीन महिने तरी काम नाही, आणि त्यांना उठवायला-बसवायला कुणीतरी लागणार म्हणून मावशींनाही कामावर जाता येणार नाही, म्हणजे घरात येणारे दोन रोज दोन्ही बंद. संडास वस्तीच्या टोकाला, तिथपर्यंत काकांना नेणार कसं. दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं तर रिक्षा. ऐकताना मला जाणवलं की ह्यातल्या एकाही गोष्टीसाठी लगेच हाताशी येणारी योजना नाही. बिलाला कायदा आहे, निधी आहे, अर्ज आहे, पण हाड जुळेपर्यंत घर कसं चालायचं त्याला लगेच धावून येणारं कुणीच नाही. आणि आपण मात्र वर्गणी काढतो ती बिलासाठी, कारण बिलाचा आकडा मोठा दिसतो आणि मेसेजमध्ये टाकायला सोपा असतो. 12,000 रुपये महिना चार महिने, असा मेसेज आम्ही कधीच टाकला नव्हता.

मग आम्ही 214 जणांना, ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना, खरं काय झालं ते कळवलं. बिल माफ झालं, एवढे पैसे शिल्लक आहेत, घरखर्चासाठी वापरू का, उरले तर पुढच्या रुग्णाच्या अशाच खर्चासाठी ठेवू का, परत हवे असतील तर निःसंकोच सांगा. 17 जणांनी परत मागितले, 11,500, त्याच दिवशी पाठवले. एकजण चिडला होता, म्हणाला आधी चौकशी करायला काय झालं होतं, आणि त्याचं बरोबरच होतं. बाकी बहुतेकांनी वापरा म्हटलं. उरले 1,44,050. त्यातून चार महिने 12,000 प्रमाणे 48,000, वॉकर आणि कमोडची खुर्ची 4,200, फिजिओथेरपीच्या वीस भेटी 6,000, दाखवायला नेण्याआणण्याचा खर्च 3,350. शिल्लक 82,500. वहीचं पान फोटो काढून सगळ्यांना पाठवलं, अगदी रिक्षाच्या रकमांसकट.

फिजिओचं एक सांगायचं राहिलं. पहिले चार दिवस काका गुडघा वाकवायलाच तयार नव्हते, रॉड मोडेल अशी भीती. मावशी पलंगाच्या कडेला बसायच्या, काकांच्या पायाखाली उशी सरकवायच्या आणि "अजून थोडं, इतकुसं" म्हणत बोटाने अंतर दाखवायच्या. एप्रिलच्या शेवटी काका वॉकर सोडून काठीवर आले.

ग्रुपमध्ये काय बदललं तेही सांगतो. आता दवाखान्याचा फोन आला की पैशांचा मेसेज जात नाही. पहिल्या रात्री आमच्यातले दोघं जातात, एक पेशंटजवळ आणि एक कागदांसाठी. हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का, फुले योजनेच्या यादीत आहे का, कार्ड कुठल्या रंगाचं, दाखला कुठल्या तहसीलचा, हे विचारायचं, अर्ज द्यायचा आणि शिक्का घ्यायचा. घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो अजिबात नाही, आणि त्यांनी हो म्हटलं तरी चेहऱ्याचा नाही. वर्गणी लागली तर ती डिस्चार्ज नंतरच्या दिवसांसाठी, आणि रक्कम मावशींनी मोजली तशी घरच्यांसोबत बसून काढलेली. नोंदणीचं कामही हातात घेतलंय, संस्था म्हणून 1860 च्या कायद्याखाली आणि न्यास म्हणून 1950 च्या. सात जण लागतात, नियमावली लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. काहींना हे डोक्याला ताप वाटतो, मला नाही वाटत. दुसऱ्याचा पैसा हातात घ्यायचा असेल तर तो हिशेब दिलाच पाहिजे.

मार्चपासून दर रविवारी सकाळी सात ते नऊ आमच्यातले तिघंचौघं मजूर नाक्यावर उभे असतात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात काकांची नोंदणीच नव्हती हे आम्हाला नंतर कळलं. 18 ते 60 वयाचा कुठलाही बांधकाम मजूर नोंदणी करू शकतो, अट एवढीच की मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. ह्या मंडळाकडे पैसा येतो तो बांधकामाच्या खर्चावरच्या 1 टक्का उपकरातून, त्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आजारपणात मदत मिळते. काका सतरा वर्षं हे काम करतायत. नोंदणी असती तर थोरलीच्या कॉलेजला सुद्धा हातभार लागला असता. घोडं अडतं ते त्या 90 दिवसांच्या कागदावर. ठेकेदार सही द्यायला टाळतात, कारण सही म्हणजे हा माणूस माझ्याकडे कामाला होता अशी कबुली. ज्यांना गावाकडचे ग्रामसेवक प्रमाणपत्र देऊ शकतात त्यांची कामं आम्ही आधी घेतो, बाकीच्यांसाठी साइटवर जाऊन इंजिनिअरला गाठतो, चार फेऱ्या मारल्या की एखादा देतो.

आणि ठेकेदार. काका पडले तेव्हा 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होता, त्याखाली कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, ठेकेदाराने हात वर केले तर मूळ मालकही सुटत नाही, आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा. एका वकील ताईंनी फी न घेता कागद तयार करून दिलेत. सगळं अडलंय ते एकाच ठिकाणी, काका त्या दिवशी त्या साइटवर कामाला होते हे दाखवायचं कसं. पगार रोख, करार नाही, ओळखपत्र नाही. साइटच्या मुकादमाकडे एक हजेरीची वही असते. मावशी मे महिन्यात एकट्याच तिथे गेल्या, मुकादमाच्या बायकोशी त्यांची जुनी ओळख, आणि वहीच्या फेब्रुवारीच्या पानाचा फोटो काढून आणला. पान तेलकट आहे, तिरकं आलंय, पण 14 तारखेच्या रकान्यात काकांच्या नावापुढे पूर्ण दिवसाची खूण स्पष्ट दिसते. वकील ताईंनी तो फोटो तीनदा मोठा करून बघितला आणि मूळ वही मागवायचा अर्ज करायला घेतलाय.